वैरी एका बाजूला का येतात?

रशिया आणि चीन जवळ आले, असं बातम्यांत सारखं कानावर येतं. १९६९ मध्ये याच दोघांचे सैनिक उसुरी नदीवर एकमेकांवर गोळ्या झाडत होते. मग आता हे सख्य कुठून आलं?

समजा, आमचूरच्या दिवसांत बाजारात दोन व्यापारी आहेत, एकमेकांचं गिऱ्हाईक पळवणारे. तिथे बाहेरून तिसरा मोठा खरेदीदार उतरला, तर हे दोघं संध्याकाळपर्यंत एक होतात. प्रेम उतू गेलेलं नसतं, तिसरा नको असतो.

राज्यांचंही तसंच. पुण्याचे पेशवे आणि हैदराबादचा निजाम जुने वैरी. १७२८ मध्ये पालखेडला पहिल्या बाजीरावांनी निजामाला कोंडीत पकडलं होतं. म्हैसूरच्या हैदर अलीशीही पेशव्यांच्या लढाया झालेल्या. तरी १७८० मध्ये नाना फडणवीसांनी निजाम, हैदर आणि नागपूरकर भोसले यांना इंग्रजांविरुद्ध एकत्र आणलं. मुंबई, मद्रास, बंगाल, तिन्हीकडून इंग्रज वाढत होते आणि एकट्यादुकट्याला ते आवरणारे नव्हते. चौघांनी चार बाजूंनी उठायचं, म्हणजे इंग्रज फौज तरी कुठे कुठे पाठवणार?

पण वॉरन हेस्टिंग्ज कच्चा नव्हता. त्याने एकेकाला वेगळं गाठलं. निजामाला गुंटूर परत दिलं, तो गप्प बसला. भोसल्यांना पैसे दिले, त्यांची फौज बंगालवर गेलीच नाही. हैदर मात्र नेटाने लढला. १७८२ मध्ये साल्बाईला पेशव्यांनीही इंग्रजांशी तह केला. मला तर गुंटूरची गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते. एवढी मोठी युती, आणि एका प्रांताच्या मोबदल्यात एक गडी बाजूला!

पुढे हैदरचा मुलगा टिपू जड जाऊ लागला. तेव्हा १७९० मध्ये पेशवे आणि निजाम चक्क इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. १७९२ मध्ये टिपूचं निम्मं राज्य तिघांनी वाटून घेतलं. धाक कमी झाला, तशी तीनच वर्षांनी खर्ड्याला पेशवे-निजामांची लढाई जुंपली. इंग्रज लांबून बघत राहिले. मग १७९८ मध्ये निजामाने इंग्रजांची तैनाती फौज घेतली, म्हणजे खर्च आपला आणि हुकूम त्यांचा. १८०२ च्या शेवटी वसईच्या तहाने दुसऱ्या बाजीरावानेही तेच केलं.

आता रशिया-चीनकडे बघा. दोघांनाही अमेरिका जड वाटते. शिवाय रशियाला तेल विकायचंय, चीनला ते हवंय. चार हजार किलोमीटरहून लांब सरहद्द शांत राहिली, तर दोघांचाही पैसा वाचतो, बरं का. पण या दोघांचंही कधीकाळी फाटलं होतं, आणि ती फट अमेरिकेने बरोबर हेरली होती. १९७२ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष निक्सन स्वतः बीजिंगला गेले, तेव्हा चीनला धाक रशियाचा होता.