विश्लेषण : खेळाडूचा स्वभाव चाचणीतून कळतो का? क्रीडा मानसशास्त्र काय सांगते?

‘पोरात गुणवत्ता आहे, पण मॅच टेम्परामेंट नाही.’ कोणत्याही मैदानाच्या कडेला उभे राहिले, की हे वाक्य ऐकू येतेच. बारा-तेरा वर्षांच्या मुलावर एकदा असा शिक्का बसला, की संघाच्या यादीतून त्याचे नाव गळायला वेळ लागत नाही. पण खेळाडूचा स्वभाव खरेच मोजता येतो का? आणि मोजला, तर त्यावरून तो पुढे चमकेल की नाही हे सांगता येते का?

स्वभाव मोजण्याची कल्पना कुठून आली?

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट आणि त्यांचे सहकारी हेन्री ऑडबर्ट यांनी १९३६ मध्ये इंग्रजी शब्दकोश चाळून माणसाचे वर्णन करणारे सुमारे १८ हजार शब्द वेगळे काढले. पुढे रेमंड कॅटेल यांनी गणिती पद्धतीने स्वभावाचे १६ घटक निश्चित केले आणि १९४९ मध्ये त्यांची चाचणी प्रसिद्ध झाली. हान्स आयसेंक यांनी अंतर्मुख-बहिर्मुख आणि भावनिकदृष्ट्या स्थिर-अस्थिर अशा दोन मोजपट्ट्यांवर भर दिला. आज संशोधनात पाच घटकांचे प्रारूप सर्वाधिक वापरले जाते.

या सगळ्यांना ‘गुणविशेष सिद्धांत’ म्हणतात. त्यांचे मूळ गृहीतक एकच : स्वभाव बऱ्यापैकी स्थिर असतो आणि माणूस वेगवेगळ्या प्रसंगी साधारण सारखाच वागतो.

त्यावरून संघनिवड झाली का?

प्रयत्न जरूर झाला. कॅलिफोर्नियातील ब्रूस ओगिल्व्ही आणि थॉमस टुटको या मानसशास्त्रज्ञांनी १९६०च्या दशकाच्या अखेरीस खास खेळाडूंसाठी चाचणी तयार केली. जिद्द, आक्रमकता, आत्मविश्वास, नेतृत्व, मानसिक कणखरपणा असे ११ गुण त्यात मोजले जात. अमेरिकेतील अनेक व्यावसायिक संघांनी ती वापरली.

मात्र या चाचणीतील गुण आणि मैदानावरील यश यांचा ठोस संबंध दिसत नाही, अशी टीका लवकरच सुरू झाली. १९७०च्या दशकात तर क्रीडा मानसशास्त्रज्ञांचे सरळ दोन गट पडले. एक गट म्हणे, स्वभावावरून यशाचा अंदाज बांधता येतो. दुसरा म्हणे, येत नाही.

‘कॅप्टन कूल’ मैदानात का घुसला?

या वादाचे मर्म समजण्यासाठी महेंद्रसिंह धोनीचे उदाहरण पाहू. २ एप्रिल २०११. वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना, २७५ धावांचे लक्ष्य आणि तीन गडी बाद. अशा वेळी धोनी युवराजच्या आधी स्वतः फलंदाजीला आला आणि नाबाद ९१ धावा करून षटकाराने सामना संपवला. ‘कॅप्टन कूल’ या बिरुदाला याहून मोठा पुरावा कोणता?

आता ११ एप्रिल २०१९. जयपूरमध्ये राजस्थानविरुद्ध आयपीएलचा सामना. शेवटच्या षटकात नो-बॉलचा इशारा झाला आणि मग तो मागे घेतला गेला. त्याआधीच बाद होऊन परतलेला धोनी थेट मैदानात शिरून पंचांशी वाद घालू लागला. त्याचे निम्मे सामना मानधन दंड म्हणून कापले गेले. माणूस तोच, खेळही तोच. वागणे मात्र अगदी वेगळे.

वॉल्टर मिशेल यांनी १९६८ मध्ये नेमके याच मुद्द्यावर बोट ठेवले होते. स्वभाव चाचणीतील गुण आणि प्रत्यक्ष वागणूक यांच्यातील सहसंबंध क्वचितच ०.३० च्या पुढे जातो, असे त्यांनी दाखवले. या आकड्याचा वर्ग केला तर येतो ०.०९. म्हणजे दोन माणसांच्या वागण्यात जो फरक दिसतो, त्यातला साधारण ९ टक्के भागच स्वभावाच्या मोजमापातून उलगडतो. उरलेला भाग इतर गोष्टींचा : प्रसंग, समोरची माणसे, थकवा, मिळालेले प्रशिक्षण.

मग स्वभाव महत्त्वाचा की परिस्थिती?

दोन्ही. कर्ट लेविन यांनी १९३६ मध्येच सूत्र मांडले होते : वर्तन हे व्यक्ती आणि परिस्थिती या दोहोंवर मिळून ठरते. क्रीडा मानसशास्त्रात आज हाच ‘परस्परक्रिया’ दृष्टिकोन प्रामुख्याने मानला जातो.

चार्ल्स स्पीलबर्गर यांनी १९६६ मध्ये स्वभावातली चिंता आणि त्या क्षणाची चिंता यांत फरक केला, तोही याच वाटेवरचा. मुळात काळजीखोर असलेली मुलगी सरावात निवांत असू शकते, पण निवड चाचणीत प्रेक्षकांत वडील बसले असतील तर तिचे हात थरथरू शकतात. म्हणजे तिला ‘घाबरट’ ठरवून प्रश्न सुटत नाही. ती नेमकी कधी घाबरते, हे शोधावे लागते.

स्वभाव बदलता येतो का?

अल्बर्ट बांडुरा यांच्या सामाजिक अध्ययन सिद्धांतानुसार वागणूक पाहून आणि अनुकरणातून शिकता येते. रॉजर फेडररला जगाने शांत खेळाडू म्हणून पाहिले. पण राग आवरायला शिकण्यापूर्वी अनेक वर्षे आपण कुरकुर करत, शिव्या देत, रॅकेट फेकत होतो, असे त्याने २०२४ मध्ये अमेरिकेतील डार्टमथ येथील पदवीदान भाषणात सांगितले. तेव्हाच कोणी ‘टेम्परामेंट नाही’ म्हणून त्याचे नाव खोडले असते तर?

कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्स प्रकारात ४५१.४ गुणांसह कांस्यपदक जिंकले. नेमबाजीला लागणारा शांतपणा आणि संयम याबाबत आपण धोनीचे चाहते आहोत, असे त्याने सांगितले होते. खेळ वेगळा असला तरी आदर्श डोळ्यांसमोर ठेवता येतो.

चाचण्या निरुपयोगी आहेत का?

नाही, पण त्यांचा उपयोग वेगळा आहे. विल्यम मॉर्गन यांना यशस्वी खेळाडूंच्या मनःस्थितीचा आलेख हिमनगासारखा दिसला : उत्साह सरासरीच्या वर, तर ताण, नैराश्य, राग, थकवा आणि गोंधळ खाली. परंतु १९९५ मध्ये अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण झाले, तेव्हा खेळाडूंच्या कामगिरीतील एक टक्क्याहूनही कमी फरक या आलेखातून उलगडत असल्याचे आढळले. त्यामुळे निवडीसाठी तो कुचकामी ठरतो. मात्र एकाच खेळाडूची मनःस्थिती आठवडे-महिने नोंदवत गेल्यास अतिसरावाचा थकवा वेळीच लक्षात येऊ शकतो.

तरीही चाचणीचा अहवाल ‘तंतोतंत’ का वाटतो?

बर्ट्राम फोरर यांनी १९४८ मध्ये ३९ विद्यार्थ्यांची चाचणी घेतली आणि प्रत्येकाला ‘तुझा अहवाल’ म्हणून एकच मजकूर दिला. विद्यार्थ्यांनी त्याच्या अचूकतेला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले! ‘तुमच्यात क्षमता आहे, पण ती पूर्ण वापरली जात नाही’ अशी वाक्ये कुणालाही आपलीच वाटतात. राशिभविष्य पटते, तेही याच कारणाने.

पालक आणि प्रशिक्षकांनी काय लक्षात घ्यावे?

अकादमीने स्वभाव चाचणी सुचवली तर तीन प्रश्न जरूर विचारावेत. चाचणी कशासाठी आहे, निवडीसाठी की प्रशिक्षणासाठी? निकाल कोण वाचणार, प्रशिक्षित मानसशास्त्रज्ञ की दुसरे कोणी? आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजणार का? लोकप्रिय मायर्स-ब्रिग्ज चाचणीच्या कर्त्या संस्थाही ती निवडीसाठी वापरू नये असेच सांगतात.

प्रशिक्षकासाठी अधिक उपयोगी आहे ती साधी वही. मूल कोणत्या सामन्यात, कोणासमोर, कोणत्या क्षणी बिथरले आणि कशाने सावरले, याच्या नोंदी त्यात ठेवता येतात. शिक्का मारून मूल घरी पाठवता येते. या नोंदींतून मात्र उद्याच्या सरावात काय करायचे ते ठरवता येते.