भाजी तीच, ओटा वेगळा

(तृतीय वर्ष कला)

प्रथमच सांगून टाकते की मी विज्ञानशाखेची विद्यार्थिनी नव्हे. मराठी हा माझा विशेष विषय. यंत्राशी संबंध आला तो केवळ गरजेपोटी. तृतीय वर्षाला साठ-एक पानांचा प्रकल्प टाइप करून द्यावा लागतो आणि आमच्या घरी संगणक नाही. मंडईच्या मागे शुक्रवार पेठेतल्या एका वाड्यात आमच्या दोन खोल्या. वडिलांचा मंडईत कांदे-बटाट्यांचा गाळा. अप्पा बळवंत चौकाच्या बाजूला टाइप करून देणारे आहेत, तेथे विचारले तर पानामागे चाळीस रुपये सांगितले. साठ पानांचे चोवीसशे झाले, आणि दुरुस्त्यांचे वेगळे. पैशाचे एकवेळ सोडा. पण हाताने लिहून दुसऱ्याच्या हवाली केलेला मजकूर पुन्हा हलविण्याची भीड वाटते. मार्गदर्शक बाईंनी एखादे प्रकरण बदलायला सांगितले की पोटात गोळाच येतो. जो टाइप करतो त्याच्या सोयीने मग आपण विचार करू लागतो.

अशी मी एकटी नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या ७५ व्या फेरीत, म्हणजे २०१७-१८ साली, देशातील शहरी घरांपैकी शेकडा सुमारे तेवीस आणि ग्रामीण घरांपैकी शेकडा चार-पाच घरांतच संगणक आढळला होता. फोन मात्र घरोघर आहे. आमच्या तुकडीची दहावी २०२०-२१ ची. वर्षभर एकाच फोनवर मी आणि धाकटा भाऊ पाळीपाळीने वर्ग ऐकत होतो आणि शेवटी २०२१ ची परीक्षाच रद्द झाली. तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात होता : हा जो फोन हातात आहे, त्याचाच संगणक का करता येऊ नये? (फोनला ‘भ्रमणध्वनी’ म्हणावे असा आमच्या सरांचा आग्रह असतो. मंडईत हा शब्द वापरला तर समोरची मावशी ‘किती किलो देऊ?’ असे विचारील, म्हणून मी ‘फोन’च म्हणते.)

ताकदीच्या दृष्टीने पाहिले तर उत्तर सोपे आहे. सी-डॅक या संस्थेने १९९१ साली आपल्या पुण्यात ‘परम ८०००’ हा महासंगणक बांधला आणि साऱ्या देशाला त्याचे कौतुक वाटले. सेकंदाला सुमारे एक अब्ज आकडेमोडी, एवढी त्याची ताकद. आज पाटीवाल्या मावशींच्या कमरेच्या पिशवीतला साधा फोनही आकडेमोडीत त्याच्या पुढे जातो. मग अशा यंत्रावर साठ पाने का लिहून होत नाहीत? कारण पडदा सहा इंचांचा, त्यातला अर्धा अक्षरांच्या कळांनीच व्यापलेला. लिहायचे ते दोन अंगठ्यांनी. शिवाय एका वेळी एकच गोष्ट समोर राहते. संदर्भाचे पुस्तक उघडले की आपले लिखाण दृष्टीआड होते.

आमच्या मंडईचाच दाखला देते. ही अष्टकोनी मनोऱ्याची इमारत १८८६ साली खुली झाली. त्यापूर्वी भाजीबाजार शनिवारवाड्यासमोरच्या उघड्या पटांगणात भरत असे. इमारत झाली म्हणून मेथीची जुडी काही बदलली नाही. बसायला ओटा मिळाला, डोक्यावर छप्पर आले, माल मांडायला जागा झाली. फोनचेही असेच आहे. माल आत भरपूर आहे, मांडायला ओटा नाही. याच इमारतीला, त्या वेळच्या ‘रे मार्केट’ला, जोतीराव फुल्यांनी नगरपालिकेत विरोध केला होता, तो पैसा शिक्षणावर खर्च करावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे त्याच मंडईला त्यांचे नाव मिळाले! ओट्यावर पैसे घालावेत की शिक्षणावर, हा वाद आमच्या घरीही झाला. माझा ओटा शिक्षणासाठीच आहे, हे वडिलांना पटवायला दोन दिवस लागले.

ही कल्पना काही नवी नाही. मोटोरोलाने २०११ साली ‘एट्रिक्स’ नावाचा फोन काढला; तो लॅपटॉपसारख्या दिसणाऱ्या एका रिकाम्या सांगाड्यात अडकवला की सांगाडा जिवंत होई. त्याच वर्षी आपल्याकडे सरकारने विद्यार्थ्यांसाठी ‘आकाश’ ही सात इंची पाटी आणली. तिची सुधारलेली आवृत्ती २०१२ साली पवईच्या आयआयटीच्या देखरेखीखाली निघाली आणि विद्यार्थ्यांना ती ११३० रुपयांना द्यावयाची असे ठरले. हेतू स्तुत्य होता. परंतु पहिल्या पाटीची ताकद तोकडी, पुरवठ्यात दिरंगाई, आणि योजना पुढे विरून गेली. मायक्रोसॉफ्टनेही २०१५ साली आपल्या ल्युमिया फोनांत ‘कंटिन्युअम’ या नावाने हा प्रयोग केला. तो टिकला नाही, कारण मुळात ते फोनच टिकले नाहीत. खरा जम बसला तो सॅमसंगच्या ‘डेक्स’चा. २०१७ साली गॅलेक्सी एस ८ बरोबर ही सोय आली. फोन मोठ्या पडद्याला जोडला की त्यावर संगणकासारखे टेबल दिसते, खाली पट्टी येते आणि खिडक्या लहानमोठ्या करता येतात. २०२५ साली तर गूगलने सॅमसंगच्या साहाय्याने अशी सोय मूळ अँड्रॉइडमध्येच आणावयास घेतली. आयपॅडवरही २०२२ पासून काही महागड्या नमुन्यांना बाहेरचा पडदा स्वतंत्रपणे वापरता येतो. ते यंत्र मी वापरलेले नाही, त्यामुळे त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आता कामाचे. फोन घेताना किंवा जोडताना सर्वांत अधिक फसगत होते ती खालच्या भोकाची. ‘यूएसबी-सी’ हे नाव त्या भोकाच्या आकाराचे आहे, कर्तृत्वाचे नव्हे. काही फोनांत त्याच भोकातून चित्र बाहेर पडते. बहुतेक स्वस्त फोनांत केवळ चार्जिंग आणि फाइलींची ने-आण होते. बाहेरून दोन्ही जुळ्या बहिणींसारखी दिसतात. तापकीर गल्लीत एका दुकानदाराने ‘कुठलाही फोन चालेल’ म्हणून माझ्या मैत्रिणीला टीव्हीला जोडायची केबल विकली. तिच्या फोनात चित्र बाहेर देण्याची सोयच नव्हती, आणि केबल परत घेण्यास त्याने नकार दिला. तेव्हा फोनच्या माहितीत ‘डिस्प्लेपोर्ट’ किंवा ‘डेक्स’ हा शब्द आहे का ते आधी पाहावे आणि मगच गल्लीत शिरावे. टीव्हीवर बिनतारी चित्रही पाठविता येते, परंतु कळ दाबल्यावर अक्षर किंचित उशिरा उमटते. सिनेमाला ते चालते. लिहिणाऱ्याचा मात्र जीव जातो.

माझा फोन आतेभावाने निकालात काढलेला. सॅमसंगच्या एस मालिकेतला, चार वर्षे वापरलेला. खाली पडून काचेवर कोळ्याचे जाळे उमटलेले. नवी काच बसविण्याचा खर्च ऐकून त्याने दुसरा फोन घेतला. या कामाला असा फोन मोठा सोयीचा, कारण आपण त्याच्या काचेकडे पाहणारच नसतो! एक हब घ्यावा लागतो : एकीकडून फोन, दुसरीकडून टीव्हीची एचडीएमआय केबल, माउस, कीबोर्ड आणि चार्जर. चार्जर लावण्याची सोय हबमध्ये असलीच पाहिजे. नाहीतर दोन-तीन तासांत बॅटरी आटोपते आणि ऐन परिच्छेदात अंधार होतो. फोन गरम होतो, म्हणून त्याचे कव्हर काढून ठेवते. हब, कीबोर्ड आणि माउस मिळून मला बावीसशे रुपये पडले, म्हणजे टाइपवाल्याच्या चोवीसशेपेक्षा दोनशेने कमी. वडिलांना पटले ते याच हिशेबाने.

पडदा म्हणून घरचा बत्तीस इंची टीव्ही वापरून पाहिला. तेथे एक गोष्ट ध्यानात आली, जी मराठी लिहिणाऱ्यालाच जाणवेल. त्या मापाच्या बहुतेक स्वस्त टीव्हींत आडवे १३६६ आणि उभे ७६८ एवढेच ठिपके असतात. इंग्रजी अक्षर तेवढ्यात भागवून नेते. आपल्या अक्षराला मात्र वर वेलांटी, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, असे तीन मजले लागतात. जवळून पाहिले की ‘किर्ती’ आहे की ‘कीर्ती’ हे कळेना, म्हणजे शुद्धलेखनाच्या मुळावरच घाव! शिवाय संध्याकाळी सात ते दहा टीव्हीवर आजीचा हक्क, आणि तिच्या मालिकांपुढे प्रकल्पाची मात्रा चालत नाही. शेवटी कार्यालयातून निघालेला, १९२० बाय १०८० ठिपक्यांचा एक जुना मॉनिटर अडीच हजारांना मिळाला. टाइपवाल्याशी जुळवलेला हिशेब येथे मोडला, हे खरे. पण अक्षर स्वच्छ दिसू लागले.

पण पडद्याआधी कीबोर्ड घ्यावा, असे माझे ठाम मत झाले आहे. ज्यांच्या फोनातून चित्र बाहेर येत नाही त्यांनीही लहानसा ओटीजी जोड घेऊन साधा कीबोर्ड लावावा आणि फोन डब्याला टेकवून उभा करावा. कळा पडद्यावरून जातात, सारा पडदा मजकुराला मिळतो, आणि दहा बोटे कामाला लागतात. निम्म्याहून अधिक काम येथेच होते. अडचण एकच : इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहून मराठी उमटविण्याची सवय येथे उपयोगी पडेना, बाहेरच्या कीबोर्डावर माझ्या फोनात ते चालले नाही. म्हणून मी ‘इनस्क्रिप्ट’ शिकले. सरकारने प्रमाण ठरविलेली ही मांडणी. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला व्यंजने. जी कळ ‘क’ची तीच शिफ्टसह ‘ख’ची, ‘ग’च्याच कळेवर ‘घ’. आपल्या वर्णमालेची व्यवस्था ज्याला ठाऊक आहे त्याला ती पंधरा दिवसांत येते. पहिले आठ दिवस मी कळांवर कागदाचे कपटे चिकटविले होते.

बोलून लिहिण्याची सोयही आहे. गूगलने मराठी ऐकून लिहिणे २०१७ साली सुरू केले आणि ते बऱ्यापैकी चालते. परंतु आमच्या खिडकीत बसून मी दलित आत्मकथनांवर बोलू लागले तर मजकुरात मधेच ‘दहाला जुडी’ उमटते. शांत घरे असलेल्यांनी अवश्य वापरावी.

खरा लाभ झाला तो दोन खिडक्यांचा. डावीकडे मराठी विश्वकोशातील नोंद, किंवा महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवून घेतलेले एखादे पुस्तक. उजवीकडे माझे टिपण. वाचता वाचता लिहिणे, ही गोष्ट वही-पुस्तकाच्या काळात सर्वांना सहज साध्य होती. फोनने ती हिरावून घेतली होती. ती परत मिळाली, तेव्हा प्रकल्पातले दुसरे प्रकरण मी चार वेळा मोडून पुन्हा बांधले. पानामागे चाळीस रुपये मोजून हे झाले नसते.

मात्र कोणी केवळ या कामासाठी नवा महाग फोन घेऊ पाहील तर त्यास मी परावृत्त करीन. पंधरा-सोळा हजारांत कार्यालयातून निघालेला वापरलेला लॅपटॉप मिळतो, त्याच्याइतका सरळपणा फोनमध्ये नाही. फोनवरच्या लेखनाच्या साधनांत मोठी अनुक्रमणिका आपोआप करणे, पानांचे क्रमांक प्रकरणवार बदलणे, असली कामे अडखळतात. ब्राउझरमध्ये ‘डेस्कटॉप साइट’ निवडून त्यातली काही उरकता येतात, पण हौसेचे काम नव्हे. आणि मानसशास्त्राच्या मैत्रिणींनी तर या वाटेने येऊच नये : सांख्यिकीसाठी लागणारे एसपीएसएस फोनवर चालत नाही. भूगोलाच्या क्यूजीआयएसचेही तेच. अर्थशास्त्रवाल्यांनी शेपाचशे ओळींचा तक्ता फोनवर हाताळून पाहावा आणि मग स्वतःच ठरवावे. मराठी, इतिहास, तत्त्वज्ञान, थोडक्यात ज्यांचे काम वाचणे आणि लिहिणे एवढेच आहे, त्यांचा निभाव लागतो. आणखी एक : फोन हरवला की संगणकही हरवला. म्हणून मी रोज रात्री फाइल स्वतःलाच ईमेलने पाठविते.

शेवटचा अडसर छपाईचा. युनिकोड येण्यापूर्वी निरनिराळ्या कंपन्यांनी मराठी अक्षरे इंग्रजी अक्षरांच्या जागी आपापल्या पद्धतीने बसविली होती, आणि पुष्कळ छापखान्यांत ते फॉन्ट अद्याप वापरात आहेत. फोनवर लिहिलेले युनिकोडमध्ये असते. ते तसेच तेथे उघडले की निरर्थक चिन्हांची रांगोळी दिसते. प्रकल्पाच्या प्रती काढताना मी पीडीएफ करून नेली, त्यात अक्षरे जागची हलत नाहीत. या लेखासाठी संपादक बाईंना दोन्ही फाइली दिल्या आहेत. अक्षरे बदलून घेताना ‘दुसऱ्या’, ‘मनोऱ्याची’ यांतला अर्धा ‘र’ हमखास बिघडतो. मुद्रिते तपासताना तेवढी नजर ठेवावी, असे त्यांना चिठ्ठीवर लिहून दिले आहे.