वेगवान आयसी घातली की सर्किट सुधारते का?

बेळगावात विश्वेश्वरय्या तंत्रशास्त्र विद्यापीठाचे मुख्यालय आहे. शहरातल्या गोगटे इन्स्टिट्यूटपासून निपाणीपर्यंत अभियांत्रिकीची मुले ७४ मालिकेच्या आयसी ब्रेडबोर्डवर लावूनच लॉजिक शिकतात. त्यांच्यापैकी कोणी जुन्या होम कॉम्प्युटरला स्वतःचे इंटरफेस सर्किट जोडले आणि ते अडखळू लागले, तर ‘एलएस काढ, एफ किंवा एसी घाल’ हा सल्ला ठरलेला असतो; एलएस ही या मालिकेतली संथ जात, एफ आणि एसी वेगवान. त्यामागचा समज असा की गेट जितके वेगवान तितके सर्किट भरवशाचे. आकडे वेगळेच सांगतात. १९८४ साली ‘क्लास’ प्रकल्पातून भारतीय शाळांत आलेला बीबीसी मायक्रो घ्या. त्याचा ६५०२ प्रोसेसर २ मेगाहर्ट्झवर चालतो, पण बाहेरची उपकरणे जोडण्याची बस १ मेगाहर्ट्झची आहे. म्हणजे एक पूर्ण चक्र १००० नॅनोसेकंदांचे. पत्ता ओळखणारी एलएस१३८ वाईटात वाईट धरली तरी चाळीसेक नॅनोसेकंद घेते. तिच्या जागी एफ१३८ घालून वाचलेला वेळ नुसता पडून राहतो.

या बसवर खरी अडचण येते ती खोट्या पल्सची. प्रोसेसर पत्ता बदलतो तेव्हा १ मेगाहर्ट्झचे घड्याळ आधीच वरच्या पातळीवर असू शकते. मग उपकरण वेळेआधी क्षणभर निवडले जाते आणि खरे चक्र आल्यावर पुन्हा निवडले जाते. वाचताच फ्लॅग पुसणारे रजिस्टर असेल तर माहिती तिथेच हरवते. डिकोडर वेगवान केला तर तो ही खोटी पल्स अधिकच चोख पुढे धाडेल. घड्याळ एकदा खाली येईपर्यंत निवड रोखून धरणारे, दोन-चार गेटांचे लॅच हाच इथला उपाय आहे.

‘गरज नसली तरी वेगाने बिघडते काय?’ असे कोणी विचारेल. बिघडते. केबलमध्ये सिग्नलला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात, म्हणजे ३० सेंटिमीटरच्या रिबन केबलमध्ये जाऊन परत यायला सुमारे ३. एसीची पातळी साधारण त्याहूनही कमी वेळात बदलते. त्यामुळे टोकाकडून परतलेली लाट मूळ सिग्नलवर स्वार होते आणि लॅच एकाऐवजी दोनदा चालते. कोपऱ्यातल्या ग्राउंड पिनवरही झटका बसतो. म्हणूनच टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सने एसीच्या काही आयसींत सप्लाय आणि ग्राउंड मधल्या पिनांवर आणले होते.

त्याच मालिकेतली एचसी ही जात म्हणजे एलएसची थेट बदली, हा समज तर याहून महागात पडतो. पिना जुळतात, पातळ्या जुळत नाहीत. एलएसचे आउटपुट ‘वर’ असताना हमी फक्त २.७ व्होल्टची, ५ व्होल्टवरच्या एचसीला मात्र ३.५ हवेत. टेबलावर चाललेले असे सर्किट उन्हाळ्यात किंवा दुसऱ्या आयसीबरोबर दगा देऊ शकते. एचसीटी या जातीला २ व्होल्ट पुरतात, तेव्हा बदली करायची तर तीच घ्यावी. तिचे न वापरलेले इनपुट मात्र मोकळे सोडू नयेत.

वेगवान आयसीला जागा नाही असे मुळीच नाही. मेमरीच्या वाटेवर चार-पाच गेट एकामागोमाग असतील आणि त्यांच्या विलंबांची बेरीज प्रोसेसरच्या मुदतीला भिडत असेल, तर एएलएस किंवा एफ घालणे योग्यच. पण ती बेरीज आधी कागदावर, डेटाशीटमधले ‘टिपिकल’ नव्हे तर ‘मॅक्सिमम’ आकडे घेऊन करा. प्रत्येक आयसीच्या सप्लायपाशी ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लावा, केबल आखूड करा, आणि मगच नवी आयसी मागवा.