कुका : दक्षिण ब्राझीलचा फळांचा गोड पाव

ब्राझील म्हटले की फुटबॉल, कॉफी आणि रिओचा कार्निव्हल यांपलीकडे आपली कल्पना सहसा जात नाही. या विशाल देशाच्या दक्षिणेकडील रिओ ग्रांदे दो सुल व सांता कातारिना या राज्यांत मात्र हिवाळ्याच्या पहाटे गवतावर दंव गोठलेले असते, आणि गावागावांतील बेकऱ्यांतून दालचिनीचा व भाजलेल्या लोण्याचा दरवळ येत असतो. त्या काचेच्या कपाटात पहिला मान असतो तो ‘कुका’चा.

कुका म्हणजे केक नव्हे आणि नुसता पावही नव्हे. वरचा थर खरबरीत, साखर-लोण्याच्या रवाळ चुऱ्याचा, दातांखाली कुरकुरणारा. त्याखाली भट्टीत शिजून मुरांब्यासारखे झालेले केळे किंवा द्राक्ष. आणि सर्वांत खाली यीस्टने फुगवलेला, बेताच्या गोडीचा लुसलुशीत पाव. पहिला घास गोड लागतो. लिंबाच्या सालीचा मंद सुगंध जाणवतो तो दुसऱ्या घासाला.

या पावाचे मूळ ब्राझीलमधले नाही. २५ जुलै १८२४ रोजी ३९ जर्मन स्थलांतरितांची पहिली तुकडी आजच्या साओ लिओपोल्दो येथे उतरली. पुढे आलेल्यांपैकी पुष्कळजण हुन्सरूक या डोंगराळ, दरिद्री प्रदेशातले होते. जर्मन भाषेत केकला ‘कूखेन’ म्हणतात. त्याचाच पोर्तुगीज जिभेवर ‘कुका’ झाला. वरच्या चुऱ्याचे ‘श्ट्रॉयझेल’ हे अवघड नाव तर गळूनच पडले. ब्राझीलमध्ये कसाव्याचे भाजलेले पीठ जेवणावर भुरभुरवतात, त्याला ‘फारोफा’ म्हणतात. दिसायला तसाच म्हणून कुकावरचा चुराही ‘फारोफा’ झाला. गंमत अशी, की ब्राझीलच्या लोककथांत मुलांना धाक दाखवणाऱ्या चेटकिणीचे नावही कुकाच आहे. दक्षिणेतल्या मुलांना मात्र या दुसऱ्या कुकाची भीती वाटण्याचे काही कारण नाही.

नव्या भूमीत गहू दुर्मीळ होता. रोजचा पाव मक्याच्या पिठाचा असे. पांढरे पीठ, लोणी, अंडी राखून ठेवायची ती नाताळ, ईस्टर आणि ‘केर्ब’ या चर्चच्या जत्रेसाठी. अंगणातल्या विटांच्या भट्टीत लाकडे जाळायची, निखारे ओढून काढायचे आणि तापलेल्या विटांवर एकाच वेळी अनेक कुका भाजायच्या. सफरचंद मिळेना, तेव्हा त्याची जागा केळ्याने घेतली. १८७५पासून इटालियन शेतकरी शेजारच्या डोंगरांत द्राक्षमळे लावू लागले आणि काळ्या द्राक्षांची कुकाही प्रचारात आली.

त्यानंतर या घरांवर एक कठीण काळ आला. जेतुलिओ वार्गास यांच्या राजवटीत १९३८पासून परकीय भाषेतल्या शाळा बंद करण्यात आल्या. ऑगस्ट १९४२मध्ये ब्राझीलने जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारल्यावर तर चारचौघांत जर्मन बोलणाऱ्याला अटक होऊ लागली. ज्या आजीला पोर्तुगीज येत नव्हते, तिने दुकानात गप्पच राहायचे. घरातली बोली मुलांच्या कानावर पडेनाशी झाली, ती कित्येक घरांत पुन्हा परतलीच नाही. पाककृतीला मात्र बोलावे लागत नाही. मुलगी आईच्या हाताकडे पाहून कणीक मळायला शिकते. कुका टिकली ती अशी. रिओ ग्रांदे दो सुल राज्याने हुन्सरूकची बोली आपला सांस्कृतिक वारसा म्हणून मान्य केली, तेव्हा २०१२ साल उजाडले होते. याच राज्यातील रोलांते या छोट्या गावाला ‘कुकाची राष्ट्रीय राजधानी’ म्हणून गौरवण्यात आले आहे.

केळ्याच्या कुकासाठी तेथे ‘नानिका’ जातीचे केळे वापरतात. नानिका म्हणजे बुटकी. झाड ठेंगणे असते, म्हणून हे नाव. जळगावकडे बसराई म्हणून ओळखले जाणारे केळे ते हेच. केळे मुळात आशियातले, ते पोर्तुगीजांमार्फत आफ्रिकेच्या वाटेने ब्राझीलला पोहोचले. उलट दिशेने अननस आणि काजू आपल्याकडे आले. आपला ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजच. तेव्हा मराठी स्वयंपाकघराला कुका अगदीच परकी वाटू नये.

कृती करून पाहण्याजोगी आहे. कोमट दुधात (साधारण २०० मिली) १० ग्रॅम सुके यीस्ट व चमचाभर साखर विरघळवून फेस येईपर्यंत ठेवावे. ५०० ग्रॅम मैद्यात १०० ग्रॅम साखर, चिमूटभर मीठ, एका लिंबाची किसलेली साल, २ अंडी व ते दूध घालून मळावे. शेवटी ८० ग्रॅम मऊ लोणी मुरवावे. गोळा हाताला चिकटतो. येथे आणखी मैदा घालण्याचा मोह हमखास होतो, आणि तो टाळला नाही तर कुका कोरडी होते. दहा-बारा मिनिटे चिकाटीने मळत राहावे. मग झाकून, दुप्पट होईपर्यंत ठेवावे. आपल्याकडच्या मे महिन्यात याला तासभरही लागत नाही, डिसेंबरात दोन तास लागू शकतात. घड्याळापेक्षा गोळ्याकडे पाहिलेले बरे.

चुऱ्यासाठी १२० ग्रॅम मैदा, १०० ग्रॅम साखर, चमचाभर दालचिनी पूड आणि ७५ ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळावे. लोणी वितळलेले असेल तर चुरा न होता लगदा होतो. तूप लावलेल्या दोन तव्यांत गोळा पसरून त्यावर केळ्यांचे उभे काप मांडावे, चुरा सढळ हाताने पेरावा आणि आणखी अर्धा तास फुगू द्यावे. केळी पिकलेली पण घट्ट हवीत. फार पिकलेली पाणी सोडतात आणि खालचा पाव कच्चा राहतो. नंतर १८० अंश सेल्सिअसवर ३० ते ४० मिनिटे, चुरा बदामी होईपर्यंत भाजावे.

दक्षिण ब्राझीलमध्ये ती कॉफीसोबत तर खातातच. पण तेथील मांस भाजण्याच्या रविवारच्या मेजवानीत कुकाचा तुकडा निखाऱ्यावरच्या खारट, चरचरीत सॉसेजबरोबरही वाढला जातो. पाहुणे आधी बिचकतात. मग दुसरा तुकडा मागून घेतात.