मीठ, पाणी आणि बाळाचे आतडे

मूल आईच्या उदरात असते तेव्हा त्याचे आतडे रिकामे असते, असा पुष्कळांचा समज आहे. वस्तुतः गर्भ सभोवतालचे पाणी गिळीत असतो. त्यातील शेष अंश, पित्त व आतड्याच्या झडलेल्या पेशी मिळून काळपट हिरवा, डांबरासारखा मळ तयार होतो. बहुतेक बालके जन्मानंतर २४ तासांत तो बाहेर टाकतात. ‘सिस्टिक फायब्रोसिस’ या आनुवंशिक रोगाने ग्रस्त अशा काही बालकांस मात्र ते साधत नाही. हा रोग पुढे फुप्फुसांस ग्रासतो. परंतु त्याची पहिली खूण कित्येकदा आतड्यातच उमटते.

रोगाचे मूळ मिठाच्या व्यवहारात आहे. मिठातील क्लोराइड पेशीबाहेर सोडणारे दार बिघडलेले असते. मीठ जाईल तिकडे पाणी जाते, हे लोणच्यासाठी कैऱ्यांस मीठ लावणाऱ्या कोणत्याही गृहिणीस आम्ही सांगावयास नको. येथे क्लोराइड आतड्यात उतरत नाही, म्हणून पाणीही उतरत नाही. मळ घट्ट व चिकट होऊन लहान आतड्याच्या शेवटी बुचासारखा बसतो; पुढील मोठे आतडे वापराअभावी बारीकच राहते. क्वचित तुंबलेले आतडे गर्भातच फुटते.

जन्मानंतर पोट फुगणे, हिरवी वांती होणे व शी न होणे ही लक्षणे दिसताच बाळास रुग्णालयात न्यावे. घुटी उगाळीत बसू नये.

रक्तगटांचा शोध लावणारे कार्ल लँडस्टायनर यांनीच १९०५ साली या विकाराचे वर्णन केले. पूर्वी अशी बालके बहुधा दगावत. १९६९ साली हेलन नॉब्लेट यांनी आतड्यात पाणी ओढून घेणाऱ्या औषधाचा एनिमा देऊन, शस्त्रक्रियेवाचून बूच सोडविण्याचा मार्ग दाखविला. आतडे फुटले असल्यास शस्त्रक्रिया अटळ असते.

सातव्या गुणसूत्रावरील सदोष जनुकाचा शोध १९८९ साली लागला. ते आई व वडील या दोघांकडूनही आले तरच रोग होतो. दोघे स्वतः धडधाकट असतात. तेव्हा बाळंतिणीच्या खाण्यापिण्यास बोल लावण्यात काडीचेही तथ्य नाही.

बाळ वाचले तरी आतडे पुढेही जपावे लागते. पाचकरसाच्या गोळ्या चुकल्या किंवा अंगातील पाणी कमी झाले, की तरुणपणीही त्याच जागी मळ अडकू शकतो. पोटाच्या उजव्या बाजूस खाली कळा येतात आणि अपेंडिक्सचा भास होतो. शिवाय या रुग्णांच्या घामावाटे मीठ फार जाते, म्हणून आपल्याकडील उन्हाळ्यात त्यांस पाण्याबरोबर जादा मीठही द्यावे लागते.