उपदेशाऐवजी प्रश्न

लालबाग-परळच्या चाळींत दारू सोडवण्याचे उपाय पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले आहेत. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ, गावाकडच्या देवाला नवस, नाहीतर गळ्यात तुळशीची माळ. माळ घालून सुटलेली माणसे आपण पाहतो, तेव्हा या उपायांना हसण्याचे कारण नाही. अडचण होते ती शपथ मोडल्यावर. मग घरचे बोलतात, शेजारी बोलतात, आणि बोलणी खाल्लेला माणूस पुन्हा गुत्त्याची वाट धरतो.

असे का व्हावे? १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी संप सुरू झाला आणि पुढे हजारो घरांतली पगाराची तारीखच नाहीशी झाली. अशा घरातल्या पिणाऱ्याला ‘दारू वाईट’ हे नव्याने सांगावे लागत नाही. त्याच्या मनात दोन्ही बाजू असतात: सोडावी असेही वाटते, सोडवतही नाही. आपण सोडण्याची बाजू जोरात मांडली की दुसरी बाजू मांडण्याचे काम त्याच्याकडे येते, आणि माणूस स्वतः जे बोलतो ते त्याला अधिक पटत जाते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ साली या निरीक्षणावर आधारलेली संवादाची एक पद्धत मांडली. तिला आपण प्रेरणात्मक समुपदेशन म्हणू.

समजा, एक काका खोकल्यासाठी दवाखान्यात आले आहेत.

“काका, घेतल्यावर बरं काय वाटतं?”

“दिवसभर उभं राहून पाय भरून येतात. दोन घोट घेतले की झोप लागते.”

“आणि नकोसं काय वाटतं?”

“धाकटी जवळ बसत नाही आता.”

“म्हणजे झोप मिळते, पण पोरगी लांब जातेय.”

“हो ना.”

“पिणं कमी करणं तुम्हाला शून्य ते दहात किती महत्त्वाचं वाटतं?”

“पाच.”

“दोन का नाही म्हणालात?”

सारी मेख या शेवटच्या प्रश्नात आहे. ‘आठ का नाही?’ असे विचारले असते, तर काकांनी अडचणींची यादी दिली असती. ‘दोन का नाही?’ याचे उत्तर देताना मात्र सोडण्याची कारणे त्यांच्याच तोंडून बाहेर पडतात.

हे काम पदवीधर मानसोपचारतज्ज्ञांनीच करावे लागते असे नाही. गोव्यात ‘संगाथ’ संस्थेने १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर याची चाचणी घेतली. निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. प्रशिक्षण दिलेले सामान्य कार्यकर्ते जास्तीत जास्त चार बैठका घेत. तीन महिन्यांनी, मागील १४ दिवसांत थेंबही न घेतलेले पुरुष समुपदेशनाच्या गटात ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात १८ टक्के. मात्र जे पीतच राहिले, त्यांच्या रोजच्या मात्रेत फरक दिसला नाही. हे यश मोठे आहे, पण जादू नव्हे.

शिवाय चाचणीतले पुरुष घातक प्रमाणात पिणारे होते, पूर्ण आहारी गेलेले नव्हेत. सकाळी हात थरथरतात म्हणून पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केली, तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. त्याला आधी डॉक्टरांकडे न्यावे.

आणि शिक्षकांना एक विनंती: हे प्रश्न वर्गातल्या मुलाला शिकवून बापाकडे पाठवू नका. मुलाचे ऐकून घ्यावे. बापाशी बोलायचे तर पालकसभा संपल्यावर, चारचौघांत नव्हे, आणि तो शुद्धीवर असताना.