खोडलेल्या ओळी जपून ठेवा

आता लिहिण्याच्या सवयींकडे येऊ. निबंध लिहून झाला की विद्यार्थी कच्चा कागद फाडून टाकतात. मी म्हणतो, तोच ठेवा. पक्क्या प्रतीत निष्कर्ष दिसतो. आपण अडलो कुठं, ते कच्च्यावरच राहतं.

विटगेनस्टाईन बघा. टिपणं टाइप करून घ्यायचा, कात्रीनं कापायचा, पुन्हा लावायचा. अशा कात्रणांची एक पेटीच त्याच्या मागे सापडली. १९६७ मध्ये तिचं ‘झेट्टेल’ हे पुस्तक झालं. विचार एकाच दिशेनं रेटले की आपले विचार खुंटतात, हे तो १९४५ च्या प्रस्तावनेत स्वतःच सांगतो. ही त्याची सवय तुम्ही उचलू नका. त्याला ती ठाऊक होती, एवढं घ्या.

एम.ए.ला असताना मी ‘म्हणून’ हा शब्द लिहिला की थांबायचो. मागच्या वाक्यातून पुढचं खरंच निघतं का? गाइडातलं उतरवताना हात कधी थांबत नाही, बरं का! तुमचा जिथं थांबेल, तिथं समासात फुली मारा नि पुढं जा. चार-सहा निबंधांनंतर त्या फुल्या एकत्र बघा. कुणाचं व्याख्येपाशी अडतं, कुणाचं उदाहरण देताना. व्याख्येपाशी अडणाऱ्यानं भाषा सुधारायच्या मागे लागू नये. मूळ ग्रंथ पुन्हा उघडावा.